मूल छान बोलतं, मग लिहिताना का अडतं? घरी वाक्यं लिहायला शिकवण्याबद्दल

प्रश्न : मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यमात. गोष्ट सांगायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. पण ‘आमची सहल’ लिहायला बसवलं की चार ओळींत उरकते. वाक्यं अर्धी राहतात, जिथे तिथे ‘आणि मग’ येतं, कोण कुठे गेलं तेच कळत नाही. रोज एक पान शुद्धलेखन घेते, व्याकरणाचं पुस्तकही आणलं आहे, तरी फरक नाही. घरी आणखी काय करावं? धाकटा इंग्रजी माध्यमात पहिलीला आहे, त्याचं काय?

उत्तर : तुमची मुलगी गोष्ट छान सांगते, म्हणजे वाक्यं तिच्याकडे आहेत. ती सहलीची हकिकत सांगते तेव्हा समोर तुम्ही असता. तुम्ही मधेच विचारता, ‘कोण गं, नव्या बाई?’, ‘बरं, मग?’, ‘अगं, पण डबा कुठे राहिला?’ ती हातवारे करते, आवाज बदलते, तिचं अर्धं वाक्य तुम्ही पुरं करता. कागद काहीच विचारत नाही. लिहिताना तिला सांगणारीही व्हावं लागतं आणि विचारणारीही. यातलं दुसरं काम तिला अजून कुणी शिकवलेलं नाही. प्राथमिक शाळेत भाषा शिकवताना मी जेवढ्या वह्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

शुद्धलेखन पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. त्याने अक्षर सुधारतं, शब्द डोळ्यांत बसतात. पण पुस्तकातलं वाक्य उतरवून काढताना मुलाला वाक्य रचावं लागत नाही, आणि तुम्हाला हवं आहे ते रचणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस अर्धं पान पुरे. व्याकरणाचं पुस्तक तूर्त कपाटात राहू द्या. कर्मणी प्रयोग म्हणजे काय हे तिला माहीत नसलं तरी ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यात ती कधी चुकणार नाही. तिचा कान तयार आहे. त्या कानालाच वहीवर आणायचं.

सुरुवात अशी करा : ती बोलेल, तुम्ही लिहा. तुमचा पेन तिला दिसेल अशी शेजारी बसवा आणि ‘आज काय झालं ते सांग, मी लिहून घेते’ म्हणा. तिचे शब्द तसेच्या तसे उतरवा. वाक्य सुधारू नका, मोठं करू नका, राहिलेला शब्द घालू नका. पाच-सहा वाक्यं झाली की तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे आजीला फोनवर वाचून दाखवलं तर तिला कळेल का? ती तर सहलीला नव्हती.’ बहुतेक मुलं इथे आपणहून म्हणतात, ‘थांब, तिला आधी सांगायला पाहिजे की गडावर गेलो होतो.’ या क्षणी ती स्वतःच्या लिखाणाची पहिली वाचक होते. दोन-तीन आठवडे असंच करा. मग पहिली दोन वाक्यं तिने लिहायची, पुढची तुम्ही. हळूहळू तुमचा वाटा कमी करत न्या. चौथीतल्या मुलीला हे बाळबोध वाटेल अशी शंका नको. तिच्या मनातली वाक्यं हाताच्या वेगापेक्षा फार पुढे धावतात, म्हणून ती चार ओळींत उरकते. हाताचं काम थोडे दिवस तुम्ही घेतलंत तर वाक्यांना जागा मिळते.

मोबाइलही इथे उपयोगी पडतो. मराठी कीबोर्डवरचा माइक दाबून तिला बोलू द्या. फोन शब्द टिपतो, पण पूर्णविराम बहुधा देत नाही. मग तो सलग मजकूर तिच्यापुढे ठेवा आणि वाक्य कुठे संपतं तिथे खूण करायला सांगा.

वाक्य कुठे संपतं हे ओळखायला मराठी फार मदत करते, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि विरामचिन्हंही नसत, तरी शेकडो वर्षं पत्रव्यवहार चालला. वाचणारा क्रियापदाच्या रूपावरून थांबत असे. छापील मराठीत विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांना देतात. मुलांना मी एवढंच सांगते : ‘गेलो, खाल्लं, होती, आहे असा शब्द आला की थांब आणि बघ, वाक्य पुरं झालं का?’ बोलताना आपण ‘आला एकदाचा पाऊस!’ असंही म्हणतो, तेव्हा नियम म्हणून नको, सवय म्हणून लावा. चौथीपर्यंत पुष्कळ मुलं ओळ संपली की पूर्णविराम देतात, कारण पहिलीच्या पुस्तकात प्रत्येक वाक्य एका ओळीत मावलेलं असतं. तुमच्या मुलीच्या वहीत हे दिसलं तर रागावू नका. मोठ्या ओळींच्या कागदावर लिहायला दिलं की खोड आपोआप जाते.

अर्धी वाक्यंही क्रियापदावरूनच सापडतात. ‘काल शाळेत गणपतीची तयारी.’ इथे वाक्य लटकलं आहे. ‘तयारी काय? चालली होती, संपली, राहिली?’ असं विचारलं की मूल शब्द देतं. ‘माझं नाव मीना’ यात मात्र क्रियापद नसूनही काही बिघडत नाही, तिथे उगाच ‘आहे’ चिकटवायला लावू नका.

आता ‘आणि मग’. मुलांच्या लिखाणाचा जीव इथे अडकलेला असतो, म्हणून सविस्तर सांगते. सहलीवरचं लिखाण साधारण असं असतं :

‘आम्ही सकाळी उठलो आणि मग एसटीत बसलो आणि मग प्रतापगडला गेलो आणि मग पाऊस आला आणि मग सरांनी सांगितले खाली चला आणि मग आम्ही डबा खाल्ला.’

यात चुकीचं काही नाही. घटना क्रमाने आल्या आहेत. फक्त त्यांचं एकमेकींशी नातं काय ते वाचणाऱ्याला कळत नाही. ‘आणि मग कमी वापर’ एवढंच सांगितलं तर मूल ‘नंतर’ वापरतं, आणि तक्रार तिथेच राहते. त्याऐवजी आधी तोडायचं, मग जोडायचं. प्रत्येक घटना एकेका पाठकोऱ्या कागदाच्या पट्टीवर लिहा : आम्ही सकाळी उठलो. आम्ही एसटीत बसलो. आम्ही प्रतापगडला पोहोचलो. पाऊस आला. सरांनी खाली चला असे सांगितले. आम्ही डबा खाल्ला. पट्ट्या ओळीने मांडा आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवून विचारा, ‘यांचं नातं काय? एकानंतर दुसरं झालं, एकामुळे दुसरं झालं, की दोन्ही एकदम चाललं होतं?’ सर खाली चला का म्हणाले? पाऊस आला म्हणून. इथे ‘आणि मग’च्या जागी ‘म्हणून’ येतं, आणि ते मूल स्वतः आणतं. शेवटी हाती येतं ते असं :

‘सकाळी लवकर उठून आम्ही एसटीत बसलो. प्रतापगडला पोहोचल्यावर पाऊस आला, म्हणून सरांनी आम्हाला खाली यायला सांगितले. डबा आम्ही पायथ्याशी खाल्ला.’

एका क्रियापदाला निरनिराळी शेपटी लावून नातं बदलण्याची सोय मराठीत आहे, आणि शाळेत ती फार उशिरा शिकवली जाते. घरी तिचा खेळ होतो. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा : -ऊन, -ताना, -ल्यावर, -ल्यामुळे, -ऊनही, -पर्यंत. मग दोन साध्या घटना घ्या, अभ्यास आणि लाइट जाणं. चिठ्ठी उचलायची आणि तसं वाक्य करायचं. ‘मी अभ्यास करताना लाइट गेली.’ ‘माझा अभ्यास झाल्यावर लाइट गेली.’ ‘लाइट गेल्यामुळे अभ्यास राहिला.’ ‘लाइट जाऊनही मी अभ्यास केला.’ ‘लाइट येईपर्यंत मी गच्चीत बसले.’ प्रत्येक वाक्यात गोष्ट बदलते, मुलांना याची गंमत वाटते, आणि जेवणाच्या ताटावरही हा खेळ चालतो. आठवडाभरात त्यातल्या दोन-तीन शेपट्या वहीत दिसायला लागतात. सगळ्या एकदम दिसाव्यात अशी अपेक्षा ठेवू नका. -ऊन आणि -ल्यावर आधी येतात, -ऊनही बरंच उशिरा.

-ऊन वापरताना एक काळजी घ्यावी लागते. उठणारा आणि पुढचं काम करणारा साधारणपणे एकच असतो. ‘मी उठून एसटीत बसलो’ ठीक, पण ‘गडावर पोहोचून पाऊस आला’ म्हटलं तर पाऊसच चालत गडावर गेल्यासारखा वाटतो. इथे -ल्यावर लागतं. हे समजावून सांगण्यापेक्षा दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून दाखवा आणि ‘कोणतं बरोबर वाटतं?’ विचारा. मुलं अचूक निवडतात.

जोडायला आलं की काही दिवस मुलं सगळंच जोडत सुटतात. ‘उठून, दात घासून, अंघोळ करून, दप्तर भरून, बूट घालून, डबा घेऊन आम्ही निघालो.’ हा टप्पा येणारच, त्याला अडवू नका. नंतर एवढंच विचारा, ‘यातलं वाचणाऱ्याला सांगण्याजोगं काय आहे?’ दात सगळेच घासतात. लांब वाक्य म्हणजे चांगलं वाक्य ही समजूत मोठ्यांनीच मुलांच्या डोक्यात घातली आहे. ‘मी घाबरलो.’ हे दोन शब्दांचं वाक्य लांब वाक्यानंतर आलं तर सगळ्यात जास्त काम करतं.

यानंतरची अडचण ‘तो’ची. ‘राजू आणि बंटी भांडले. त्याने त्याची पेन्सिल तोडली. मग तो रडत त्याच्या आईकडे गेला.’ लिहिणाऱ्याला सगळं डोळ्यांसमोर दिसतं, वाचणाऱ्याला काही दिसत नाही. इथे मी चित्र काढते. मुलाचा मजकूर वाचून मला जे कळलं ते कागदावर काढायचं आणि मुद्दाम दुसरा अर्थ घ्यायचा : राजूने स्वतःचीच पेन्सिल तोडली आणि बंटी रडत राजूच्या आईकडे गेला. मूल ओरडतं, ‘असं नाही झालं!’ मग म्हणायचं, ‘मला तर असंच वाचायला मिळालं. कुठे बदलायचं?’ दुरुस्ती त्याचीच असते : ‘बंटीने राजूची पेन्सिल तोडली. राजू रडत आपल्या आईकडे गेला.’

‘आपल्या’ हा शब्द इथे सोन्याचा आहे. ‘राजूने त्याचा डबा उघडला’ यात डबा कुणाचाही असू शकतो. ‘राजूने आपला डबा उघडला’ यात संशय उरत नाही. बोलताना मुलं ‘आपला’ सहज वापरतात, लिहिताना विसरतात, आणि इंग्रजी माध्यमातली मुलं तर फारच. शाळेत ‘नाव सारखं सारखं लिहू नये’ असंही सांगतात. ते एकाच माणसाबद्दल लिहिताना खरं. दोन मुलगे किंवा दोन मुली एका प्रसंगात असतील तर नाव पुन्हा लिहिलेलंच बरं, चार वेळा आलं तरी चालेल. ‘मी’ मात्र पुष्कळदा गाळता येतो. ‘मी घरी आलो. मी हात धुतले. मी जेवलो.’ यातला पहिला ‘मी’ ठेवून बाकीचे काढले तरी अर्थ जागेवर राहतो.

एकामागून एक वाक्यं सुसंगत वाटावीत यासाठी चौथी-पाचवीत एक गोष्ट पुरते : मागच्या वाक्याच्या शेवटी जे आलं, ते पुढच्याने हातात घ्यायचं. ‘आमच्या वाड्यामागे एक विहीर आहे. तिला कठडा नाही. कठडा नसल्यामुळे आजी आम्हाला तिकडे जाऊ देत नाही.’ विहीर, तिला, कठडा, कठडा नसल्यामुळे, असा धागा चालतो. मुलाच्या वहीत धागा तुटला असेल तर तिथे फक्त बारीक फुली करा. शब्दांच्या जागेचंही असंच आहे. मराठीत शब्द हलतात, पण हलले की जोर बदलतो : ‘सायकल बाबांनी आणली’ हे ‘कुणी आणली?’चं उत्तर, ‘बाबांनी सायकल आणली’ हे ‘काय आणलं?’चं. ‘फक्त मीना पोळी खाते’ आणि ‘मीना फक्त पोळी खाते’ ही दोन वाक्यं देऊन दोन चित्रं काढायला सांगा. एवढ्यावर थांबा, या वयाला पुरेसं आहे.

आता लिहायचं कशावर. ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर मुलाला कुणाला काही सांगायचं नसतं, म्हणून ते लिखाण निर्जीव होतं. कुणाला तरी खरंच हवं असलेलं लिहायला द्या. बाहेर जाताना बाबांसाठी चिठ्ठी, मामा पहिल्यांदा येणार असेल तर एसटी स्टँडपासून घरापर्यंतची वाट, हरवलेल्या पाण्याच्या बाटलीचं वर्णन, गल्लीतल्या क्रिकेटच्या सामन्याची बातमी. या सगळ्यांत माझा आवडता प्रकार कृतीचा. तिला लिंबू सरबत कसं करायचं ते लिहायला सांगा, आणि मग तुम्ही तिच्यासमोर अगदी लिहिलं आहे तसंच करा. ती लिहील : ‘लिंबू पिळा. साखर टाका. पाणी टाका. ढवळा.’ तुम्ही लिंबू ओट्यावर पिळा, कारण भांडं घ्यायला सांगितलेलं नाही. साखरेचा चमचा भरा आणि विचारत राहा, ‘कशात टाकू? किती टाकू?’ उत्तर तोंडी घेऊ नका, ‘लिहून दे’ म्हणा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला असं काही येतं :

‘मोठ्या ग्लासात पाऊण ग्लास पाणी घ्या. त्यात तीन चमचे साखर घालून ती विरघळेपर्यंत ढवळा. मग अर्धे लिंबू पिळा. बिया पडल्या तर चमच्याने काढा. चिमूटभर मीठ घाला.’

‘त्यात’, ‘-ऊन’, ‘-पर्यंत’, ‘पडल्या तर’ हे सगळं गरजेतून आलं, कुणी शिकवलं नाही. स्पष्टता हा गुण मुलांना व्याख्येने कळत नाही. ओट्यावर सांडलेलं लिंबू पाहून कळतो.

तपासायचं कसं, हे शिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. लाल पेन घरात वापरू नका. पानभर लाल खुणा पाहिल्या की मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, कारण कमी लिहिलं तर कमी चुका होतात. हे त्याचं गणित बरोबरच असतं. लिखाण आधी फक्त अर्थासाठी वाचा. मोठ्याने, जसं लिहिलं आहे तसं, गाळलेला शब्द मनाने न भरता. मूल ऐकताना स्वतःच दचकतं आणि पेन मागतं. मग दोनच प्रश्न विचारा, तेही खरोखर पडलेले : ‘कोण रडलं ते कळलं नाही’, ‘तुम्ही तिथून परत कसे आलात?’ त्या दिवशी एवढंच. एखादं वाक्य मनापासून आवडलं तर कोणतं आणि का तेही सांगा. नुसतं ‘छान’ म्हटल्याने मुलाला पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर, वेगळ्या दिवशी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. पण मुलाला अठरा नियमांची गरज नाही. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ, अपवाद ‘आणि’ व ‘नि’. फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, बहीण पण बहिणीला. एवढ्या दोन गोष्टींत निम्म्याहून जास्त वही सुधारते. बाकी, तिचे नेहमी चुकणारे पाच शब्द शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पाठ झाला की शब्द खोडायचा, नवा घ्यायचा.

‘केलं’ की ‘केले’ हा प्रश्न ती विचारेलच. नियमाप्रमाणे निवेदनात ‘केले’, आणि पात्राच्या तोंडी बोलणं असेल तिथे ‘केलं’. मी इथे लिहिते आहे तसं सगळं बोलभाषेत लिहिणंही आता रूढ आहे. शाळेच्या वहीत पहिली पद्धत धरा, घरच्या चिठ्ठीत तिला आवडेल ती. एका लिखाणात दोन्हींची मिसळ होऊ नये एवढं पाहा.

घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी असेल तर बोलणं सुधारायला जाऊ नका. कोल्हापूरकडची मुलगी ‘मी गेलो’ म्हणते, वऱ्हाडातलं मूल ‘तो जेवून राहिला’ म्हणतं. ती त्या घरची शुद्ध भाषा आहे. आधी तशीच लिहू द्या, मग शेजारी ‘पुस्तकात असं लिहितात’ म्हणून दुसरं वाक्य लिहा. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबादला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं ते मुलांच्या परिसराला आणि त्यांच्या जगण्याला हाताशी धरून. ज्या मुलाला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटायला लावली, त्याच्याकडून मोकळं लिखाण येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

धाकट्याबद्दल. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे, तेव्हा त्यालाही मराठी लिहावं लागेलच. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं ही भीती सोडा. त्याची वाक्यं बिघडतात ती मराठी कमी कानावर पडल्यामुळे. ‘माझी मदत कर’ (मला मदत कर), ‘चहा गरम झाली’ (झाला), ‘ती मला बोलली’ (म्हणाली) यांत हिंदीचा ओढा दिसतो. ‘एक मुलगा होता जो खूप हुशार होता’ यात इंग्रजीचा साचा आहे. आपण ‘एक खूप हुशार मुलगा होता’ म्हणतो. चूक दाखवू नका. त्याचंच वाक्य योग्य रूपात परत म्हणा आणि बोलणं पुढे न्या : ‘चहा गरम झाला का? आण बरं इकडे.’ पहिलीच्या मुलाला लिहायचा आग्रह अजून नको. तो सांगेल आणि तुम्ही लिहाल, एवढंच वर्षभर चालू द्या. घरात मराठी बोलत असाल तर पूर्ण मराठीत बोला. ‘बेटा, शूज वेअर कर’ अशा वाक्यांतून त्याला दोन्ही भाषांतलं एकही धड वाक्य मिळत नाही.

वाचनाबद्दल थोडक्यात : रोज दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचा, चौथीतल्या मुलीसाठीसुद्धा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे, जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर ठेवले आहेत. मुलांसाठीच्या नीट मराठी वाक्यांचा एवढा मोठा साठा फुकट दुसरीकडे मिळणं कठीण. वाचताना एखाद्या वाक्यावर थांबा, ‘हेच तू कसं लिहिलं असतंस?’ एवढंच विचारा आणि पुढे चला. बाजारातली तयार निबंधांची पुस्तकं मात्र घरात आणू नका. ‘गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे’ पाठ केलेल्या मुलाला गुण मिळतात, पण आपल्या गोठ्यातल्या गायीबद्दल लिहायला सांगितलं की तेच वाक्य पुन्हा येतं. ते घालवायला पुढे सातवी-आठवीत फार कष्ट पडतात.

वेळ किती द्यावा? एका वेळी पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, आणि मूल कंटाळलं तर त्याआधीच थांबायचं. फरक दिसायला साधारण एक सत्र जातं. आधी लिखाण लांबतं, मग चुका वाढतात, कारण ती आता अवघड वाक्यं करून पाहत असते. यावेळी पालक घाबरून पुन्हा शुद्धलेखनाकडे वळतात. तेवढं करू नका.

एक गोष्ट शेवटी, तुमच्या मुलीच्या वर्णनावरून मला ती दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घराला लागू पडेल म्हणून. मूल बोलतं उत्तम, पण चौथीतही साधे शब्द रोज वेगवेगळ्या प्रकारे चुकतात, काना-मात्रा उलटसुलट पडतात, फळ्यावरचं उतरवायलाही फार वेळ लागतो, वाचतानाही अडखळतं, आणि असं सहा महिने मनापासून प्रयत्न करूनही राहिलं, तर आळस म्हणू नका. अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते, इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात किंवा शाळेच्या समुपदेशकाकडे विचारा. प्रमाणपत्र मिळाल्यावर राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो. तपासण्यांना आणि कागदपत्रांना महिने लागतात, म्हणून दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नका.